लेखी कारणांविना अटक: सोमवारच्या रिमांडला काय मांडायचं

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचं बोलणं कशाबद्दल आहे ते इतरांनाही कळेल.

तुमच्या चोवीस वर्षांच्या भावाने ओळखीतल्या एकाला आपलं बँक खातं 'वापरायला' दिलं आणि त्याबदल्यात दहा हजार घेतले. त्या खात्यातून ऑनलाइन गुंतवणुकीच्या फसवणुकीतले तीन लाख चाळीस हजार येऊन गेले. दोन आठवड्यांपूर्वी त्याला व्हॉट्सॲपवर पोलिसांची नोटीस आली, ती त्याने घाबरून पाहून न पाहिल्यासारखी केली. मग मंगळवारी रात्री साडेनऊला साध्या वेशातले चौघे ऐरोलीच्या घरी आले आणि त्याला घेऊन गेले. कागदावर अटक बुधवारी दुपारी साडेचारची. गुरुवारी एकच्या सुमारास बेलापूरच्या कोर्टात हजर केलं, सोमवारपर्यंत पीसीआर (पोलीस कोठडी) मिळाला. अटक का केली हे लेखी कुणी दिलं नाही. फक्त कोर्टाच्या आवारात उभं असताना दोन छापील कागदांवर सह्या घेतल्या. तुमचे मामा म्हणतात, सुप्रीम कोर्टाचा नवा निकाल आहे, सोमवारी सुटलाच पाहिजे. घाईत ठरवलेले वकील म्हणतात, ते सगळं टेक्निकल आहे, पीसीआर संपला की जामीन टाकू.

मामा सांगतात तो निकाल खरा आहे. वकिलांचा सल्लाही वेडावाकडा नाही. अडचण एवढीच की गुरुवारी हा मुद्दा कोर्टापुढे कागदावर आलाच नाही, आणि फौजदारी कोर्टात जे रोजनाम्यात (कोर्टाच्या कामकाजाच्या नोंदीत) नाही ते घडलंच नाही असं धरून पुढचं सगळं चालतं. सोमवारी ती संधी पुन्हा आहे.

मामांचा निकाल म्हणजे 'मिहिर राजेश शहा विरुद्ध महाराष्ट्र राज्य', ६ नोव्हेंबर २०२५. वरळीतल्या एका वाहन अपघाताच्या गुन्ह्यातून तो वर गेला. मुंबई उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली होती. सुप्रीम कोर्टात तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्यायमूर्ती ऑगस्टीन मसीह यांच्यापुढे प्रश्न असा होता की, अटकेची कारणं लेखी देण्याचं बंधन फक्त पीएमएलए (मनी लाँडरिंगविरोधी) आणि यूएपीए (दहशतवादविरोधी) अशा कडक कायद्यांपुरतं आहे, की साध्या भारतीय न्याय संहितेच्या गुन्ह्यालाही लागू आहे? उत्तर आलं की सगळ्या गुन्ह्यांना लागू आहे. कारणं लेखी हवीत, आणि अटक झालेल्या माणसाला समजेल अशा भाषेत हवीत. जागच्या जागी लेखी देणं खरोखरच शक्य नसेल तर तोंडी सांगा, पण मग लेखी प्रत वाजवी वेळात आणि कोणत्याही परिस्थितीत मॅजिस्ट्रेटपुढे हजर करण्याच्या किमान दोन तास आधी हातात पडलीच पाहिजे. तसं झालं नाही तर अटक आणि त्यावर उभा राहिलेला रिमांड दोन्ही बेकायदा, माणूस सुटायला पात्र. हा नियम त्या निकालापासून पुढच्या अटकांना आहे. तुमच्या भावाची अटक याच आठवड्यातली, त्यामुळे 'हे आम्हाला लागू नाही' असं सरकारी वकिलांना म्हणता येणार नाही.

या नियमाची मुळं जुनी आहेत. संविधानाच्या कलम २२(१) मध्ये १९५० पासून लिहिलेलं आहे की अटक झालेल्याला शक्य तितक्या लवकर कारणं कळवावीत आणि पसंतीच्या वकिलाशी बोलू द्यावं. संविधान सभेत कलम २१ मधून 'ड्यू प्रोसेस'चं (न्याय्य कायदेशीर प्रक्रियेचं) संरक्षण गेल्यावर बरीच नाराजी होती. त्याची काही भरपाई म्हणून बाबासाहेबांनी सप्टेंबर १९४९ मध्ये हे कलम मांडलं. म्हणजे पोलिसांच्या हाती अटकेचा अधिकार देतानाच त्याला घातलेली ही वेसण आहे. तिच्याकडे सत्तरेक वर्षं कुणी फारसं गंभीरपणे पाहिलं नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ५० (आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७) म्हणजे अटकेच्या फॉर्मवरचा एक रकाना, एवढीच त्याची किंमत उरली होती.

बदल सुरू झाला ३ ऑक्टोबर २०२३ च्या पंकज बन्सल निकालापासून. तो ईडीच्या अटकेचा होता. मग १५ मे २०२४ ला प्रबीर पुरकायस्थ, यूएपीएचा. तुमच्या कामाचा भाग या दुसऱ्या निकालात आहे. अटकेच्या छापील फॉर्मवर जी वाक्यं असतात, 'पुढील गुन्हा करू नये म्हणून', 'पुराव्यात ढवळाढवळ करू नये म्हणून', 'साक्षीदारांवर दबाव आणू नये म्हणून', ती कुठल्याही आरोपीला लावता येतात. कोर्टाने सांगितलं की तेवढ्याने भागत नाही. या माणसाने नेमकं काय केल्याचा आरोप आहे, कोणत्या वस्तुस्थितीवरून त्याला धरलं, हे त्याला कळलं पाहिजे, नाहीतर तो रिमांडला विरोध कशाच्या जोरावर करणार? तुमच्या भावाच्या बाबतीत कारण म्हणजे, 'अमुक तारखेला तुझ्या अमुक खात्यात फिर्यादीचे एवढे पैसे आले, ते तासाभरात अमुक खात्यांत वळवले, त्यासाठी तू दहा हजार घेतलेस' असं काहीतरी. त्याने सह्या केलेल्या कागदांवर असं काही होतं का, की चौकटीत फक्त टिका मारलेल्या होत्या? सोमवारी वकिलांनी पहिल्यांदा हेच त्याला विचारायचं.

त्यानंतर ७ फेब्रुवारी २०२५ चा विहान कुमार निकाल, न्यायमूर्ती अभय ओक आणि कोटीश्वर सिंह यांचा. हा गुन्हा साध्या फसवणुकीच्या प्रकारातला होता, म्हणून तुम्हाला जवळचा. त्यातल्या तीन गोष्टी वकिलांनी जवळ ठेवाव्यात. आरोपीने 'मला कारणं सांगितली नाहीत' असं म्हटलं की सांगितली होती हे सिद्ध करायचा भार पोलिसांवर येतो. घरच्यांना 'अटक केली' एवढं कळवणं म्हणजे आरोपीला कारणं सांगणं नव्हे. आणि रिमांड देताना कलम २२(१) पाळलं गेलं का, हे पाहणं मॅजिस्ट्रेटचं स्वतःचं कर्तव्य आहे, कुणी हरकत घेवो न घेवो. तुम्हाला पोलीस ठाण्यातून फोन आला होता, तो 'तुमच्या भावाला ४२० मध्ये घेतलंय' एवढाच होता असं तुम्ही लिहिलंय. (४२० जाऊन भारतीय न्याय संहितेचं ३१८(४) आलं तरी बोलण्यात ४२०च राहिलं आहे, ते राहणारच.) त्या फोनने काही भागत नाही.

सरकारी वकील दुसरी बाजू मांडणारच. त्यांच्याकडे १४ ऑगस्ट २०२५ चा कर्नाटक राज्य विरुद्ध दर्शन हा निकाल आहे. त्यात दोन न्यायमूर्तींच्या पीठाने म्हटलं की लेखी कारणं दिली नाहीत एवढ्यावरून अटक आपोआप बेकायदा होत नाही, आरोपीचं त्यामुळे खरंच काही नुकसान झालं का हे पाहावं लागेल. मिहिर शहा निकालही दोन न्यायमूर्तींचाच आहे. त्यामुळे 'कोणता पाळायचा' हा वाद खालच्या कोर्टांत चालतो, आणि तो खोटा वाद नाही. माझं मत असं की मिहिर शहाने लेखी प्रत, दोन तास आणि न दिल्यास परिणाम, असं सगळंच ठरवून दिलं आहे. परिणाम सांगितलेला असताना वेगळं नुकसान दाखवा म्हणणं टिकत नाही. तरी वकिलांनी नुकसानही दाखवावं. ते अवघड नाही. गुरुवारी वकील तासाभरात ठरले, त्यांच्या हातात एफआयआरपलीकडे काही नव्हतं, युक्तिवाद दोन मिनिटांत संपला आणि चार दिवसांचा पीसीआर गेला. नुकसान म्हणतात ते यालाच.

'लेखी द्यायला वेळच मिळाला नाही' ही सबब या गुन्ह्यात चालू नये. मिहिर शहा निकालातली तोंडी सांगण्याची सवलत ऐन घटनेच्या वेळी रंगेहाथ पकडण्यासारख्या प्रसंगांसाठी आहे. इथे पोलिसांकडे आठवडाभर आधीपासून बँकेचे उतारे होते, नोटीसही काढली होती. ठरवून केलेल्या अटकेला लेखी कारणं तयार करून न्यायला काय अडचण? सह्यांच्या शेजारी वेळ लिहिली आहे का, तेही पाहा. बहुतेक वेळा नसते. एकला हजर केलं, म्हणजे प्रत अकराच्या आत हातात पडायला हवी होती, आणि तुमचा भाऊ साडेबारानंतर आवारात सह्या केल्या म्हणतो. प्रत त्याच्याकडे नाहीच. इथून पुढे त्याला सही करायला सांगितली तर तारीख आणि वेळ स्वतःच्या हाताने लिहायला सांगा. नवी मुंबईत परप्रांतीय कामगारांच्या बाबतीत भाषेचाही मुद्दा निघतो, मराठी फॉर्मवर हिंदी भाषकाची सही असते. १९६२ च्या हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात स्थानबद्धाला इंग्रजीत दिलेली कारणं त्याला समजत नव्हती म्हणून घटनापीठाने त्याला सोडलं होतं. तुमच्याकडे तो प्रश्न नाही, भाऊ मराठी शाळेत शिकलेला.

गुरुवारी एक गोष्ट घडली ती तुम्ही ओझरती लिहिली आहे, पण मला ती महत्त्वाची वाटते. मॅजिस्ट्रेट साहेबांनी विचारलं, 'पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?' आणि भाऊ 'नाही' म्हणाला. आमच्याकडच्या बहुतेक सगळ्या रोजनाम्यांत ते वाक्य असतं: आरोपीची पोलिसांविरुद्ध तक्रार नाही. ज्याच्या दंडाला धरून हवालदार उभा आहे आणि रात्री त्याच कोठडीत परत जायचं आहे, तो दुसरं काय म्हणेल? सरकारी वकील सोमवारी हे वाक्य वाचून दाखवतील. तो प्रश्न मारहाणीबद्दलचा असतो आणि सगळे तसाच समजतात. 'अटकेची कारणं लेखी मिळाली का, केव्हा मिळाली, वाचता आली का' हा प्रश्न त्याला कुणी विचारला नाही. सोमवारी वकिलांनी अर्जातच विनंती करावी की हे तीन प्रश्न कोर्टाने आरोपीला थेट विचारावेत आणि उत्तरं रोजनाम्यात घ्यावीत. तोंडी विनंती करून थांबू नये. अर्ज द्यावा, त्यावर सरकारी पक्षाचा से (लेखी म्हणणं) मागावा, आणि आदेश काहीही होवो, त्याच्या नकलेचा अर्ज त्याच दिवशी टाकावा. वर जायचं झालं तर हाच कागद लागतो.

आता तासांचा हिशोब. यावर तुमच्या मामांचं लक्ष गेलेलं नाही, पण माझ्या मते तुमच्या हातातला सगळ्यात धारदार मुद्दा हाच आहे. कलम २२(२) सांगतं की प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे हजर करायचं. कागदावर बुधवार साडेचार ते गुरुवार एक, साडेवीस तास, सगळं व्यवस्थित. प्रत्यक्षात मंगळवार रात्री साडेनऊपासून मोजलं तर साडेएकोणचाळीस. ऐरोली ते बेलापूर प्रवास किती वजा करणार?

'चौकशीला बोलावलं होतं, अटक नंतर केली' हे उत्तर ठरलेलं असतं. मुंबई उच्च न्यायालयाने १९९० मध्येच अशक हुसेन प्रकरणात सांगून ठेवलं आहे की माणसाचं जाणं-येणं ज्या क्षणी थांबवलं त्या क्षणी अटक सुरू होते, अधिकाऱ्याने फॉर्मवर टाकलेल्या वेळेपासून नव्हे. तो कस्टम्सचा खटला होता, पण तत्त्व सगळीकडे लागू. अगदी अलीकडे, जानेवारी २०२५ मध्ये, ईडी विरुद्ध सुभाष शर्मा प्रकरणात सुप्रीम कोर्टाने प्रत्यक्ष ताब्याचे तास मोजले, चोवीस उलटलेले दिसले, अटकच दूषित ठरवली आणि आरोपीचा जामीन कायम ठेवला. सरकारी पक्ष म्हणेल की नंतर कोर्टाने रिमांड दिला, आधीचा दोष धुऊन निघाला. या दोन निकालांनंतर ते म्हणणं पूर्वीइतकं सोपं राहिलेलं नाही.

पण हे सिद्ध कशाने करायचं? इथे घरच्यांनी आजपासून धावायचं आहे, वकिलांच्या आधी. सोसायटीच्या गेटवरचा कॅमेरा: अनेक सोसायट्यांत आठ-दहा दिवसांत जुनं चित्रण पुसलं जातं, तेव्हा सेक्रेटरींना आजच लेखी पत्र देऊन मंगळवारचं रात्री नऊ ते अकराचं चित्रण काढून घ्या. मंगळवारी रात्री तुम्ही ११२ ला फोन केला असेल तर त्याची नोंद आहे. घरच्या ग्रुपवरचे त्या रात्रीचे मेसेज तसेच ठेवा, एकही डिलीट नको. अटकेनंतरच्या वैद्यकीय तपासणीच्या कागदावर वेळ असते, त्याची प्रत आरोपीला किंवा त्याने सांगितलेल्या माणसाला मिळायला हवी, ती मागा. आणि पोलीस ठाण्याचा सीसीटीव्ही. परमवीर सिंग सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० ला सुप्रीम कोर्टाने प्रत्येक पोलीस ठाण्यात प्रवेशद्वारापासून लॉकअपपर्यंत, आवाजासह, कॅमेरे बसवायला आणि चित्रण अठरा महिने, निदान एक वर्ष, जपायला सांगितलं. कॅमेरे बंद असतात ही तक्रार इतकी झाली की सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच कोर्टाला स्वतःहून पुन्हा दखल घ्यावी लागली. तरी मागणी करायचीच: मंगळवार रात्री नऊपासून गुरुवार दुपारपर्यंतचं चित्रण जपून ठेवण्याचा आदेश द्यावा, असा वेगळा अर्ज सोमवारी मॅजिस्ट्रेटकडे, आणि त्याचीच प्रत पोलीस आयुक्तालयाला ईमेलने आजच. चित्रण मिळालं तर मंगळवारची रात्र त्यात दिसेल. 'कॅमेरा बंद होता' असं उत्तर आलं, तर ते उत्तरही आपल्या कामाचं.

व्हॉट्सॲपच्या नोटिशीने गोंधळ वाढवला आहे, त्याबद्दल थोडं. ३१८(४) ला जास्तीत जास्त सात वर्षं शिक्षा आहे. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात सहसा आधी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस द्यायची, अटक करायची तर ती का गरजेची आहे ते लिहून ठेवायचं, हे २ जुलै २०१४ च्या अर्नेश कुमार निकालापासून घट्ट झालेलं आहे. ११ जुलै २०२२ च्या सतेंदर कुमार अंतिल निकालात पुढे सांगितलं की हे पाळलं नाही तर आरोपी जामिनाला पात्र. आता पोलीस म्हणतील, नोटीस दिली, तो आला नाही, ३५(६) नुसार अटक केली. पण त्याच अंतिल प्रकरणात २१ जानेवारी २०२५ ला कोर्टाने स्पष्ट केलं की ही नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवणं म्हणजे बजावणं नव्हे. हरियाणाने ते बदलून मागितलं, तेही जुलैमध्ये फेटाळलं गेलं. म्हणजे कायद्याच्या भाषेत भावाला नोटीस मिळालेलीच नाही. (मोबाइलवर आलेली नोटीस पाहून गप्प बसू नका, असंच मी प्रत्येकाला सांगतो. वकिलामार्फत उत्तर द्या, प्रत्यक्ष बजावून घ्या, हजर राहा. कायद्यात ती नोटीस नसली तरी तपास अधिकारी तुम्हाला शोधतोय हे तर कळलं ना.)

मग सोमवारी तो सुटणार का? तुम्हाला गोड वाटावं म्हणून मी 'हो' म्हणणार नाही. पहिल्या कोर्टात असे अर्ज मंजूर होताना फार दिसत नाहीत. ज्या कोर्टाने गुरुवारी रिमांड दिला त्याच कोर्टाला 'तुमचा रिमांड बेकायदा होता' हे पटवायचं असतं, ते माणसाच्या स्वभावालाच जड जातं. पण अर्जाचा दुसरा परिणाम बऱ्याचदा लगेच दिसतो: पीसीआर वाढवून मिळत नाही. तपास अधिकाऱ्याला चार दिवसांत काय केलं हे सांगावं लागतं, आणि बँक खात्याच्या गुन्ह्यात सगळा पुरावा बँकेत आणि मोबाइलमध्ये असतो, तो आधीच जप्त झालेला.

सुटला तरी एक गोष्ट मामांना समजावून सांगा. अटक बेकायदा ठरली म्हणजे गुन्हा रद्द झाला असं नाही. तपास चालू राहतो, दोषारोपपत्र येतं, खटला चालतो. विहान कुमारमध्ये हे दोन्ही बाजूंनी सांगितलं आहे: दूषित अटकेने तपास बिघडत नाही, आणि दोषारोपपत्र आलं म्हणून दूषित अटक शुद्धही होत नाही. मिहिर शहा निकालात तर पोलिसांना पुढचा रस्ताही मोकळा ठेवला आहे. लेखी कारणं देऊन ते कोठडीसाठी पुन्हा अर्ज करू शकतात आणि मॅजिस्ट्रेटने शक्यतो आठवड्याभरात त्यावर निर्णय द्यायचा. गेटवर हार घेऊन उभं राहायची घाई नको.

म्हणूनच तुमच्या वकिलांचं 'जामीन टाकू' मला चुकीचं वाटत नाही. माझी असहमती त्यांच्या 'टेक्निकल' या शब्दापुरती. दोन्ही करायचं. सोमवारी बेकायदा अटकेचा अर्ज, आणि एमसीआर (न्यायालयीन कोठडी) झाला की त्याच दिवशी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८० खाली नियमित जामीन अर्ज, ज्यात हेच मुद्दे वर आणि गुन्ह्याचे मुद्दे खाली. गुन्ह्याच्या बाजूने त्याची बाजू अगदी वाईट नाही. पहिलाच गुन्हा, पत्ता कायमचा, खातं स्वतःच्या नावाचं म्हणजे लपवाछपवी नाही, मुख्य माणूस दुसराच. दहा हजार घेतले हे मात्र नडणारं आहे, ते वकिलांपासून लपवू नका.

'फिर्यादीचे पैसे भरा, जामीन लगेच होईल' असं तुम्हाला कुणीतरी सांगेल, कदाचित सांगितलंही असेल. घाई करू नका. जामीन म्हणजे वसुली नव्हे, हे सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये रमेश कुमार प्रकरणात सांगितलं, आणि जुलै २०२५ मध्ये गजानन गोरे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या आपल्याच राज्यातल्या प्रकरणात त्याहून कडक: पैसे भरण्याची हमी घेऊन जामीन देऊच नका, गुणवत्तेवर ठरवा. खालच्या कोर्टांत ती सवय अजून मोडलेली नाही. फिर्यादीशी तडजोड करायची असेल तर ती वेगळी गोष्ट, वकिलांमार्फत आणि लेखी. पोलीस ठाण्याच्या बाहेर चहाच्या टपरीवर नाही.

मॅजिस्ट्रेटने अर्ज फेटाळला तर वरचा रस्ता निवडताना चूक होते. सत्र न्यायालयात रिव्हिजन (फेरतपासणी अर्ज) टाकायची आपल्याकडे सवय आहे, पण रिमांडचा आदेश अंतरिम स्वरूपाचा, त्यावर रिव्हिजन चालत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २००४ मध्ये जॉय इमॅक्युलेट प्रकरणात सांगितलेलं आहे. तिथे दोन तारखा फुकट जातात. बेकायदा अटकेचा मुद्दा न्यायचा तर फौजदारी रिट याचिका घेऊन थेट उच्च न्यायालयात. खर्च आणि वेळ दोन्ही लागतात, त्यामुळे जामीन आठवड्या-दोन आठवड्यांत होण्यासारखा असेल तर बहुतेक कुटुंबं रिटच्या वाटेला जात नाहीत, आणि मी त्यांना दोष देत नाही. जामीन सत्र न्यायालयातही फेटाळला, तर मात्र रिटचा विचार जरूर करा. तोपर्यंत तुमच्याकडे सोमवारच्या अर्जाची आणि आदेशाची नक्कल असेल.

रिमांड यादीत सोमवारी कोणती कलमं आहेत ते नीट वाचा. खात्यांच्या साखळीच्या गुन्ह्यांत आता भारतीय न्याय संहितेचं संघटित गुन्हेगारीचं कलम १११ जोडण्याकडे कल दिसतो. त्यात शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते, म्हणजे सात वर्षांवाला अर्नेश कुमारचा मुद्दा पातळ होतो आणि दोषारोपपत्राची मुदत साठवरून नव्वद दिवसांवर जाते. पण ते कलम लागायला मागच्या दहा वर्षांत एकाहून अधिक दोषारोपपत्रं आणि कोर्टाने घेतलेली दखल असा इतिहास दाखवावा लागतो. तुमच्या भावावर तर काहीच नाही. जोडलं तर त्याच दिवशी लेखी विरोध करायचा.

एमसीआर झाला म्हणजे पीसीआरचा धोका टळला असंही समजू नका. नव्या संहितेत पंधरा दिवसांची पोलीस कोठडी सलगच घ्यावी लागत नाही. साठ दिवसांच्या गुन्ह्यात ती पहिल्या चाळीस दिवसांत तुकड्यातुकड्यांनी मागता येते. एमसीआरनंतर त्याला बहुधा तळोजाच्या तुरुंगात नेतील. तिथे भेटीला जाल तेव्हा ओळखपत्र आणि नात्याचा पुरावा बरोबर ठेवा.

साठ दिवसांचा हिशोब आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा. पहिल्या रिमांडचा गुरुवार हाच पहिला दिवस. तो धरायचा की नाही यावर बरीच वर्षं वाद होता. मार्च २०२३ मध्ये कपिल वाधवान प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी धरायचा असं ठरवलं. साठ दिवस भरले आणि दोषारोपपत्र आलं नाही, तर एकसष्टाव्या दिवशी जामीन हा हक्क आहे, कोर्टाची मेहेरबानी नाही. पण तो मागावा लागतो. २००१ च्या उदय मोहनलाल आचार्य विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालापासून सूत्र तेच आहे: अर्ज आधी आणि जामीन भरायची तयारी असेल तर नंतर घाईने आणलेलं दोषारोपपत्र हक्क हिरावू शकत नाही. अर्ज टाकायच्या आधी दोषारोपपत्र आलं तर मात्र हक्क गेला. त्या दिवशी कोर्ट सुरू होतानाच वकील अर्ज घेऊन फायलिंगच्या खिडकीवर हवेत, आणि जामीनदाराचे कागद आदल्या दिवशीच तयार हवेत.

एवढे अर्ज करायला आताचे वकील तयार नसतील, किंवा त्यांची फी झेपत नसेल, तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही, १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ मध्ये तसं स्पष्ट आहे. ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात त्यांचं कार्यालय आहे, फोनवर १५१०० लावलात तरी चालेल. एक लक्षात असू द्या की नवी मुंबई पोलीस आयुक्तालय दोन जिल्ह्यांत पसरलं आहे. ऐरोली-वाशी ठाणे जिल्ह्यात, कोर्ट बेलापूरचं. हाच गुन्हा खारघर किंवा कामोठ्याचा असता तर रायगड जिल्हा, पनवेलचं कोर्ट आणि प्राधिकरणही रायगडचं. लोक चुकीच्या दारात अर्धा दिवस घालवतात.

सोमवारी येताना एफआयआरची प्रत, सोसायटीचं चित्रण पेनड्राइव्हमध्ये, मंगळवार रात्रीचे कॉल आणि मेसेज यांचे छापलेले स्क्रीनशॉट, तो व्हॉट्सॲप नोटिशीचा स्क्रीनशॉट, आणि तुमचं स्वतःचं एक प्रतिज्ञापत्र आणा: किती वाजता आले, कोण काय म्हणालं, कागद दिला का, फोन केव्हा आला. एफआयआर हातात नसेल तर महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर 'प्रकाशित एफआयआर'मध्ये शोधा; संवेदनशील गुन्हे सोडून बाकीचे चोवीस तासांत तिथे टाकण्याचा आदेश २०१६ पासून आहे. प्रतिज्ञापत्रात जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहा. भावाला मारहाण झाली असेल असा तुमचा अंदाज आहे, तो त्यात घालू नका. ते तो स्वतः सांगेल, आणि या वेळी वकील त्याच्या शेजारी उभे असतील.